माठाची गळती: एक खुलासा

सर्वप्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. आमचा माठ फुटका नव्हता. हे मी इमारतीच्या व्यवस्थापकाला सांगितलं, खालच्या बाईंना सांगितलं, माझ्या साहेबांना सांगितलं, आणि एकदा लिफ्टमध्ये एका अनोळखी गृहस्थांनाही सांगितलं. त्यांनी मला फक्त ‘कितवा मजला?’ एवढंच विचारलं होतं.

(बायको: अनोळखी नव्हते. ते खालचे दातांचे डॉक्टर होते. आता मी दाढ दाखवायला कोणत्या तोंडाने जाऊ?)

बायको हे लिखाण माझ्या खुर्चीमागे उभी राहून वाचते आहे. तिला मी अधूनमधून कंसात बोलायची परवानगी दिली आहे.

(बायको: परवानगी?)

तर, माठ.

माठाआधी ओगराळं

माठाची गोष्ट ओगराळ्यापासून सुरू होते, कारण ते आधी आलं. आई गेल्यानंतर बाबा तिकडे मायदेशी एकटेच राहत होते. त्यांना इकडे बोलवायचं, रमवायचं, आणि परतीचं तिकीट आपोआप वाया जाऊ द्यायचं, असा आम्हा नवराबायकोचा गुप्त बेत होता. बेत उत्तम होता. फक्त मी त्यांना बोलावलं ते नेमकं इथल्या भर उन्हाळ्यात. वर्षातले बाकीचे महिने कुठे गेले होते, असं बायकोने मला तेव्हाही विचारलं होतं.

(बायको: अजूनही विचारते.)

बाबांनी आल्या आल्या बॅग उघडली. चार शर्ट, पंचा, गोळ्यांचा डबा, आणि पंचामध्ये नीट गुंडाळलेलं आईचं पितळी ओगराळं. लांब दांड्याचं, दांड्याच्या टोकाला आकडा, पोटाशी एक पोचा. तो पोचा माझ्यामुळे पडलेला आहे, पण ती वेगळी कथा.

“माठ कुठाय?” बाबांनी विचारलं.

“बाबा, इथे माठ नाही आपल्याकडे.”

“मग पाणी कुठून पिता?”

“फ्रिजमधून.”

बाबा वीजबिलांच्या खात्यातून निवृत्त झालेले. उभ्या आयुष्यात त्यांनी लोकांना फ्रिजची बिलं पाठवली आणि स्वतःच्या घरात मात्र फ्रिज हा दुधापुरताच मानला. फ्रिजच्या पाण्याने त्यांचे दात ठणकतात आणि घसा धरतो. त्यांनी ओगराळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि ते पुन्हा पंचात गुंडाळून बॅगेत ठेवलं. बॅग पलंगाखाली सरकवली. कपाट आम्ही मुद्दाम रिकामं करून ठेवलं होतं. पण बाबा बॅगेतून शर्ट काढायचे, घालायचे, धुवायचे, घडी करायचे आणि परत बॅगेत ठेवायचे. फलाटावर गाडीची वाट बघत बसलेल्या माणसासारखे.

“कपाटात ठेवा ना, बाबा,” बायको म्हणायची.

“असू दे गं. इथे सोयीचं पडतं.”

तिकडच्या घरी ते ओगराळं स्वयंपाकघराच्या दाराशी एका खिळ्यावर लटकलेलं असायचं. शाळेतून आलं की दप्तर फेकायचं, चवड्यांवर उभं राहायचं आणि आकडा काढायचा. ‘हात धुतलेस का?’ हा आईचा प्रश्न पाठीमागून यायचा तोवर पाणी घशाखाली गेलेलं असायचं. ते पाणी गार होतं असं म्हणणं अपुरं आहे. ते पाणी गार असून मऊ होतं.

(इथे उन्हाळा, आठवणी आणि परदेशातलं आयुष्य यांवर एक गंभीर परिच्छेद होता. बायकोने काढायला लावला.)

ऊन

इथल्या उन्हाळ्याबद्दल थोडक्यात सांगतो. गाडीचं स्टिअरिंग फडक्याने धरावं लागतं. सीटबेल्टचं बक्कल बेसावध माणसाला चटका देतं. रस्त्यावरून माणसं सावली ते सावली अशी उड्या मारत जातात, आणि विजेच्या खांबाच्या सावलीत तीन अनोळखी इसम एका रेषेत, एकामागे एक उभे दिसतात. कामाची माणसं सकाळीच सगळं उरकतात. नंतर रस्त्यावर फक्त ऊन असतं आणि मी असतो, कारण आमच्या ऑफिसला ही गोष्ट कुणी सांगितलेली नाही.

पाण्याचा तर कारभारच उलटा. टाक्या गच्चीवर, त्यामुळे गार पाण्याच्या नळाला उकळतं पाणी येतं. म्हणून अनुभवी लोक गीझर बंद ठेवतात, त्यात साठलेलं पाणी घरातल्या हवेने निवतं, आणि मग अंघोळीला गार पाणी हवं तर गरम पाण्याचा नळ सोडायचा. हे मी बाबांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “आणि इथे तू स्वखुशीने राहतोस?”

फ्रिजचं पाणी प्यायचं नाही, नळाचं पिववत नाही. बाबा दिवसभरात कसंबसं चार घोट पाणी प्यायचे. मग एकदा लिफ्टमध्ये त्यांना चक्कर आली. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि मला बाजूला न घेता, त्यांच्यासमोरच खडसावलं. “हे पाणी पीत नाहीयेत. या हवेत असं चालणार नाही. पाणी पिणार नसतील तर यांना इथे ठेवू नका.”

मी बाबांना भाषांतर करून सांगितलं. थोडं सौम्य करून. पण बाबांनी चेहरा वाचला होता.

“बघ, डॉक्टरच म्हणतेय,” ते घरी येताना म्हणाले. त्यांच्या आवाजात सुटका होती, आणि मला तीच लागली. “तिकीट अलीकडे घे. उगाच तुमच्या जिवाला घोर नको.”

तिकडे त्या घरात आता स्वयंपाकघराच्या दाराशी नुसता खिळा होता. मी म्हणालो, “बाबा, आठवडाभर थांबा. मी माठ आणतो.”

आयुष्यात मी काही मोठमोठी वचनं दिली आहेत. पण त्यातल्या कुठल्याही वचनाचा पुढे विमा कंपनीशी संबंध आला नव्हता.

सल्ले

आमच्या समोरच्या घरात एक मराठी गृहस्थ राहतात. ते इथे फार वर्षं आहेत आणि त्यांचं प्रत्येक वाक्य ‘इथे असं नसतं’ने सुरू होतं. म्हणून आम्ही त्यांना अनुभवी म्हणतो.

“इथे असं नसतं,” अनुभवी म्हणाले. “इथे माठ मिळत नाही. बाटलीला ओला मोजा घालून पंख्याखाली ठेवा.”

“मोजा?”

“धुतलेला.”

बायकोच्या मैत्रिणीने फोनवर सांगितलं की पाण्यात सब्जा घाला. ऑफिसातल्या एकाने सांगितलं की वडिलांना कॉफी द्या, तीही ओलीच असते. मेहुण्याने तिकडून सांगितलं की फ्रिजचं पाणी माठात ओतून ‘हे माठाचं आहे’ म्हणून द्या. त्यासाठीही माठ लागतो, हे मी त्याच्या लक्षात आणून दिलं.

झाडांच्या कुंड्या विकणाऱ्या दुकानात गेलो. तिथे मातीची भांडी होती, पण प्रत्येकाच्या तळाला भोक.

“भोक नसलेलं नाही का?”

“कोणतं झाड लावायचंय?”

“झाड नाही. पाणी.”

दुकानदाराने मला मागच्या बाजूचे मासे ठेवायचे काचेचे हौद दाखवले.

शेवटी मेहुणाच कामाला आला. त्याला कंपनीच्या कामासाठी इकडे यायचंच होतं. त्याने माठ पोत्यात गुंडाळून मांडीवर घेऊन विमानातून आणला. उतरल्यावर तपासणीवाल्याने त्याला अडवलं.

“यात काय आहे?”

“काही नाही. रिकामा आहे.”

“मग इतकं जपून का धरलंय?”

या प्रश्नाला मेहुण्याकडे उत्तर नव्हतं. आमच्या मेहुण्याकडे उत्तर नाही अशी ही पहिलीच वेळ, त्यामुळे बायको आजही हा प्रसंग मान्य करत नाही.

(बायको: त्याने उत्तर दिलं होतं. त्याने ‘बहिणीसाठी’ असं सांगितलं. म्हणून तर त्याला सोडलं.)

बाबा कामावर रुजू

माठ घरात आला आणि बाबा कामावर रुजू झाले. मला, बायकोला आणि मेहुण्याला त्यांनी हाताखाली घेतलं. माठ दिवसभर भिजत घातला. पहिलं पाणी ओतलं. दुसरं ओतलं. माठाखाली तिवई हवी म्हणून माझा कॉम्प्युटर ठेवायचा छोटा स्टँड गेला. माठाला गुंडाळायला सुती फडकं हवं म्हणून माझी बनियन गेली.

“आता बाल्कनीत ठेवा,” बाबा म्हणाले.

“बाहेर? त्या झळांत?” मी विचारलं.

“सावलीत, पण वाऱ्यावर. जेवढी झळ लागेल तेवढं पाणी गार. तुझ्या आईने इतकी वर्षं हेच केलं, तू नुसतं प्यायलास.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी बॅगेतून ओगराळं काढलं, माठात बुडवलं आणि पेला भरला. आम्ही तिघं रांगेत उभे. बाबांनी घोट घेतला. डोळे मिटले. मग पेला एका दमात संपवला आणि तोंड पुसत म्हणाले, “अजून मातीचा वास येतोय. येऊ दे. चांगला आहे.”

त्या दिवसापासून बाबा पाणी प्यायला लागले. कुणी आलं की आधी पाणी. अनुभवी आले, त्यांना पाणी. ते दोन पेले प्यायले आणि म्हणाले, “इथे असं नसतं. बाल्कनीत वस्तू ठेवायला मनाई आहे.” मग तिसरा पेला मागितला. मला मात्र एकच गोष्ट दिसत होती. ओगराळं आता बॅगेत परत जात नव्हतं, माठाच्या झाकणावर आडवं पडून राहत होतं. शर्ट अजून बॅगेतच होते. पण ओगराळं बाहेर होतं.

पाहणीचा अहवाल

माठ बाहेरून ओला राहतो, वारा लागला की ते पाणी उडून जातं आणि आतलं गार होतं. पण सगळंच उडून जात नाही. थोडं तिवईवर, तिथून फरशीवर, आणि फरशीवरून उताराने बाल्कनीच्या कडेला जातं. आमच्या बाल्कनीच्या कडेखाली खालच्या बाईंच्या पांढऱ्याशुभ्र चादरी वाळत होत्या. माठ नवा, त्यामुळे थेंबांना विटकरी रंग.

इमारतीच्या ऑफिसातून एक माणूस आला. हातात सदैव पान्हा, म्हणून आम्ही त्याला पान्हेवाला म्हणतो. इथे आम्ही सगळेच बाहेरचे. पान्हेवाला एका देशाचा, व्यवस्थापक दुसऱ्याचा, खालच्या बाई तिसऱ्याच्या. आम्ही एकमेकांशी ज्या भाषेत बोलतो ती आमच्यापैकी कुणाच्याच आईची नाही. पान्हेवाल्याने नळ तपासले, पाइप ठोकले, न्हाणीघराची एक फरशी उचकटून पाहिली आणि शेवटी बाल्कनीत माठासमोर उकिडवा बसला.

“हे गळतंय,” तो आनंदाने म्हणाला.

“गळायलाच हवं,” मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. संध्याकाळी अहवालाची प्रत आली. त्यातलं एक वाक्य मला पाठ आहे: ‘भाडेकरूला गळतीची पूर्ण कल्पना आहे आणि तो तिच्याबद्दल समाधानी आहे.’ सात दिवसांत गळती दुरुस्त करावी किंवा भांडं हटवावं, अशी नोटीस सोबत होती.

प्रतिष्ठेचा प्रश्न

इथे मला माझ्या नोकरीबद्दल सांगणं भाग आहे. मी एका विमा कंपनीत आहे. माझ्या टेबलावर गळतीचे दावे येतात. कुणाच्या छतातून पाणी आलं, कुणाचा गालिचा भिजला, की मी ‘ही घटना टाळता आली असती’ असं लिहून दावा नाकारतो. या वाक्यावर माझं घर चालतं.

नोटिशीच्या दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर एक नवा दावा आला. नुकसान: चादरी, पांढऱ्या. कारण: ‘वरच्या मजल्यावरील बेजबाबदार इसम’.

मी साहेबांकडे गेलो. म्हणालो, “साहेब, हा दावा दुसऱ्या कुणाला द्या.”

“का?”

“तो बेजबाबदार इसम मी आहे.”

साहेबांनी कागद पाहिला. “म्हणजे तुम्ही त्याच इमारतीत राहता? छान. मग जाता जाता पाहणी करून टाका.”

तेव्हा मी ऑफिसचं ओळखपत्र गळ्यात घालून, हातात पॅड घेऊन, माझ्याच घराच्या एक मजला खाली उतरलो आणि बेल वाजवली. बाई साठीच्या, उंच, एकट्या राहणाऱ्या. त्यांनी दार उघडलं आणि ओळखपत्र वाचलं. मग माझा चेहरा वाचला.

“तुम्ही?”

“मी इथे कंपनीतर्फे आलो आहे,” मी शक्य तितक्या परक्या आवाजात म्हणालो. “वरच्या इसमाबद्दल तुमचं म्हणणं काय आहे?”

त्यांनी त्यांचं म्हणणं सांगितलं. मी ते लिहून घेतलं. दोन ठिकाणी त्यांनी मला शब्द सुचवले. मग त्या म्हणाल्या की आलाच आहात तर हेही बघा, आणि खोलीतलं एक सुंदर लाकडी टेबल दाखवलं. त्यावर पाण्याचा गोल पांढरा डाग पडला होता. बाजूला जमिनीवर एक मोठी मातीची फुलदाणी होती, फुगीर पोटाची, रुंद तोंडाची. तिच्यात वाळक्या काड्या खोचलेल्या.

“बाजारातून हौसेने आणली. ताजी फुलं ठेवली तर रात्रीत खालून ओली. टेबल गेलं. तेव्हापासून काड्याच ठेवते.”

मी पॅडवर लिहिलं: ‘फुलदाणी सदोष.’ आणि तिच्याकडे पुन्हा न बघता वर निघून आलो. माझं गळतीच्या क्षेत्रातलं ज्ञान किती खोल आहे, ते यावरून कळावं.

व्यवस्थापकाच्या खोलीत

(नाट्यप्रवेश. पात्रं: व्यवस्थापक, पान्हेवाला, मी आणि बाबा. बाबांना मी घरी थांबायला सांगितलं होतं.)

व्यवस्थापक: भांडं कधी घेतलंत?

मी: नवंच आहे.

व्यवस्थापक: आणि नवं असतानाच गळत होतं?

मी: हो.

व्यवस्थापक: मग बदलून नाही मागितलंत?

मी: गळत नसतं तर बदलून मागितलं असतं.

(पान्हेवाला ‘बघा, मी सांगितलं होतं’ अशा नजरेने व्यवस्थापकाकडे बघतो.)

मी: ते गळतं म्हणून गार होतं.

व्यवस्थापक: आमचे पाइपही गळतात. ते कुठे गार होतात?

बाबा (मराठीत): काय म्हणतोय?

मी: म्हणतोय की पाइप गळतो पण गार होत नाही.

बाबा: हात पुढे करायला सांग त्याला.

मी: बाबा, असं कसं सांगू? तो ऑफिसर आहे.

बाबा: हाताला काय हुद्दा असतो? सांग.

(बाबा भाषांतराची वाट न बघता टेबलावरच्या पेल्यात दोन बोटं बुडवतात, व्यवस्थापकाचं मनगट धरतात, ओलं करतात.)

बाबा (मराठीत, व्यवस्थापकाला): आता फुंक मारा. फू. अशी. फू.

व्यवस्थापकाने फुंक मारली. क्षणभर काहीच झालं नाही. मग त्याच्या भुवया वर गेल्या. त्याने पुन्हा फुंकलं. पान्हेवाल्याने पान्हा खाली ठेवला, स्वतःचं मनगट ओलं केलं आणि फुंकलं. फाइल घेऊन आत आलेल्या कारकूनबाईंना पान्हेवाल्याने हातावर पाणी दिलं. त्यांनीही फुंकलं. मी सवयीने फुंकलं. त्या खोलीत चार जाणती माणसं गंभीर चेहऱ्यांनी आपापल्या मनगटांवर फुंकर घालत उभी होती. व्यवस्थापक तर त्याच्या पदाला आवश्यक होतं त्यापेक्षा बराच जास्त वेळ फुंकत राहिला.

“काळजी करू नका,” शेवटी तो बाबांचा हात हातात घेऊन म्हणाला. “तुमचं भांडं मी हटवू देणार नाही. मी स्वतः लक्ष घालतो.”

‘मी स्वतः लक्ष घालतो’ हे वाक्य मी ऑफिसात रोज वापरतो. त्याचा परिणाम काय होतो हे मला ठाऊक असायला हवं होतं.

लक्ष घातलं गेलं

पुढच्या आठवड्यात बाबांना डॉक्टरीणबाईंकडे दाखवायला नेलं. त्या खूश. “असंच चालू दे,” म्हणाल्या. घरी येताना बाबा गाडीत गुणगुणत होते. सीटबेल्टचं बक्कल त्यांनी न सांगता फडक्याने लावलं. मी मनातल्या मनात परतीचं तिकीट फाडून टाकलं.

घरात शिरलो तर बाल्कनीच्या दारात पान्हेवाला हसत उभा. बायकोने त्याला विश्वासाने आत घेतलं होतं.

(बायको: तो म्हणाला, साहेबांनी पाठवलंय, वडिलांसाठी काम आहे. मी चहा ठेवायला आत गेले. मला काय माहीत?)

माठ निळा झाला होता. आतून, बाहेरून, तळाला, कडांना. गच्चीवरच्या टाक्यांना लावतात तो निळा जाड रंग. दोन हात.

“आता एक थेंब गळणार नाही,” पान्हेवाला म्हणाला. “सगळी छिद्रं बुजवली. साहेब म्हणाले, म्हाताऱ्या बाबांचं भांडं आहे, चांगला रंग वापर.”

मी तोंड उघडलं. बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी माठाच्या अंगावरून तळवा फिरवला, बोट बघितलं. कोरडं. मग पान्हेवाल्याकडे वळून त्यांनी दोन्ही हात जोडले. पान्हेवाला लाजला आणि चहा घेऊन गेला.

“बाबा, मी त्याला—”

“काही बोलायचं नाही त्याला. एवढ्या उन्हात वाकून दोन हात मारलेत त्याने.”

मग त्यांनी झाकणावरचं ओगराळं उचललं, पुसलं, पंचात गुंडाळलं. बॅगेची चेन लागल्याचा आवाज आम्ही दोघांनीही स्वयंपाकघरातून ऐकला.

दोन दिवस ते फ्रिजमधलं पाणी कोमट करून प्यायले. थोडंसं. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, “ते तिकिटाचं बघ आता. रागावून नाही म्हणत रे. पण माझ्यासाठी किती माणसं कामाला लावायची?”

मी ‘बघतो’ म्हणालो. मेहुणा तर केव्हाच परत गेला होता, आणि दुसरा माठ मांडीवर घेऊन येणारा दुसरा मेहुणा मला नाही.

(बायको: एक पुरे झाला.)

खाली

जायच्या आधी देणंघेणं मिटवायची बाबांची जुनी सवय. त्यांनी निळा माठ धुतला, कोरडा केला.

“हा खालच्या बाईंना देऊन येऊ. फुलं ठेवतील. चादरी खराब केल्या आपण त्यांच्या.”

“बाबा, त्यांचा दावा मीच नाकारलाय परवा.”

“मग तर जायलाच हवं.”

आम्ही खाली गेलो. बाबांनी माठ पुढे केला. मी सांगितलं की हा वडिलांकडून, चादरींबद्दल. बाईंनी माठ उलटापालटा करून पाहिला. निळा रंग त्यांना आवडलेला दिसला.

“हा गळत नाही ना?” त्यांनी मला विचारलं.

“नाही,” मी म्हणालो. “दुर्दैवाने अजिबात नाही.”

त्या आत गेल्या, पाणी आणलं, निळ्या माठात ओतलं, खाली हात लावून पाहिलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसल्या. मग त्यांनी जुन्या फुलदाणीतल्या काड्या काढून बाजूला ठेवल्या आणि ती रिकामी फुलदाणी दाराकडे पायाने सरकवली. “ही टाकूनच द्यायची होती. जाताना कचऱ्यापाशी ठेवाल का?”

बाबा खाली वाकले. त्यांनी फुलदाणीवर बोटाच्या पेराने टिचकी मारली. कान जवळ नेला. पुन्हा मारली. मग आत हात घालून तळ चाचपला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आई गेल्यापासूनच्या दोन वर्षांत पाहिलं नव्हतं.

“त्यांना विचार, हिला काय झालंय?”

“गळते म्हणतात.”

“कुठून?”

“सगळीकडून.”

बाबा तिला दोन्ही हातांनी पोटाशी धरून उभे राहिले. “अरे गाढवा,” ते मला म्हणाले, “तू पाहणीला आला होतास ना इथे?”

सरकारी कागदावर नसलं तरी कंपनीच्या कागदावर मी तिला सदोष ठरवलं होतं, आणि माझी सही होती.

बाईंना सगळं सांगितलं तेव्हा त्या आधी खळखळून हसल्या. मग त्यांनी बाबांनाच हाताने खूण करून विचारलं, मलाही द्याल ना प्यायला? बाबांनी मराठीत सांगितलं, “उद्या या. आज भिजू दे.” बाईंना ते बरोबर कळलं. चादरी त्या आता दुसऱ्या बाजूच्या दोरीवर घालतात, आणि आमच्या कडेखाली त्यांनी एक कुंडी सरकवून ठेवली आहे. थेंब तिच्यात पडतात.

वर

फुलदाणी काथ्याने घासली, भिजत घातली, पहिलं पाणी ओतलं, दुसरं ओतलं. स्टँड आणि बनियन पुन्हा कामावर रुजू झाले. दुसऱ्या दिवशी बाबांनी बॅगेतून ओगराळं काढलं, पेला भरला, घोट घेतला. बाई होत्या, अनुभवी होते, आम्ही होतो. बाबांनी मला पेला दिला. मी प्यायलो. गार होतं, आणि मऊ होतं. मी उगाच पाठीमागे वळून पाहिलं. हात धुतलेस का, असं कुणी विचारलं नाही.

मंडळी गेल्यावर बाबा ओगराळं हातात घेऊन बाल्कनीच्या दाराशी उभे राहिले. भिंत बघत. मला वाटलं पंचा शोधत आहेत.

“खिळा आहे का रे घरात?”

“कशाला?”

“कशाला म्हणजे? हे काय रोज झाकणावर आडवं टाकायचं? पडेल एखाद्या दिवशी. आधीच एक पोचा आहे तुझ्या कृपेने.”

(बायको: इथे मी काही बोलणार नाही.)

घरात खिळा निघाला, हातोडा नव्हता. तो मागायला मी समोर गेलो. अनुभवी हातोड्यासकट स्वतःच आले. “इथे असं नसतं,” ते दारातूनच म्हणाले. “भिंतीला खिळा मारायचा तर व्यवस्थापकाची लेखी—”

“या, या,” बाबा म्हणाले. “बरे आलात. हा खिळा जरा धरा.”

अनुभवींनी खिळा धरला. मी हातोडा मारला. पहिला घाव खिळ्यावर बसला, दुसरा भिंतीवर, आणि तिसऱ्याच्या वेळी अनुभवींनी अनुभवाने हात काढून घेतला. खालून, निळ्या माठाच्या घरातून, छतावर दोनदा ठकठक झाली.

“थोडा खाली हवा होता,” बाबा म्हणाले. “पण चालेल. पोहोचतो हात.”

त्यांनी आकडा अडकवला. ओगराळं थोडं हललं, भिंतीला लागून एकदा वाजलं आणि स्थिर झालं. बाबा दोन पावलं मागे सरकून बघत राहिले. मग त्यांनी खांद्यावरचा पंचा काढून हातात घेतला आणि दाराच्या दुसऱ्या बाजूला बोट ठेवलं.

“आता इथे एक. पंचाला.”